दोन लिप्यांच्या घरात काय वाचावे?

मागच्या महिन्यात बार्शीच्या एका वाचक भगिनीचा फोन आला. प्रश्न सरळ होता. "आपा, माझ्या सासूबाई उर्दू वाचतात. मी मराठी शाळेत शिकले, मला उर्दू कळते पण वाचता येत नाही. मुले इंग्रजी शाळेत जातात. घरात एकच पुस्तक आणायचे असेल तर कोणते आणू? आणि तुम्ही स्वतः सध्या काय वाचता?"

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते, ते लगेच दिले. पहिल्याचे उत्तर द्यायला मी दोन दिवस मागून घेतले. कारण हा प्रश्न एकट्या त्या भगिनीचा नाही. सोलापुरात विजापूर वेशीपासून नई जिंदगीपर्यंत कोणत्याही गल्लीत शिरा, चार घरांपैकी दोन घरांत हेच चित्र दिसेल. पुस्तक एकाचे, डोळे दुसऱ्याचे.

आमच्या घरात तर हे अक्षरशः खरे आहे. अम्मी दोन वर्षांपासून आमच्याकडे राहते. तिचे शिक्षण उर्दू सातवीपर्यंत, पण वाचनाची हौस अशी की विड्यांच्या कारखान्यातून येताना वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा ती वाचून मगच फेकायची. तिच्या लोखंडी पेटीत साड्यांच्या खाली पुस्तके असत. आता काचबिंदूने तिची नजर गेली आहे. उजेड कळतो, माणसाची आकृती कळते, अक्षर कळत नाही. आणि माझी थोरली मुलगी, नववीत शिकणारी, जिचे डोळे सुईत दोरा ओवण्याइतके लख्ख आहेत, तिला उर्दूची लिपी येत नाही. ज्याला लिपी येते त्याला दिसत नाही आणि ज्याला दिसते त्याला लिपी येत नाही. मधे मी. शाळेतून दमून आलेली.

म्हणून सध्या मी जे वाचते ते मोठ्याने वाचते. इशाची नमाज झाली की अर्धा तास, कधी वीज गेली तर मोबाइलच्या उजेडात.

आत्ता आमच्याकडे मौलाना अबुल कलाम आझाद यांचे 'गुबार-ए-खातिर' चालू आहे. नाव ऐकून घाबरू नका. मीही बरीच वर्षे या पुस्तकाला हात लावला नव्हता, कारण ते जड आहे, फारसी शेरांनी भरलेले आहे असे सगळे सांगत. शेर भरपूर आहेत हे खरे. मी ते सरळ गाळते. माझ्या या कबुलीने उर्दूचे जाणकार नाराज होतील, होऊ देत. शेर गाळले तरी खाली जे उरते ते एका एकट्या माणसाचे बोलणे आहे, आणि ते बोलणे महाराष्ट्रात झाले आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये 'भारत छोडो'चा ठराव झाला, मौलाना तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. मुंबईत अटक झाली आणि त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात आणून ठेवले. पंडित नेहरूही त्याच किल्ल्यात होते. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' त्यांनी तिथेच लिहिले. मौलाना पहाटे उठून चहा करत आणि आपल्या एका मित्राला पत्र लिहीत. ही पत्रे टपालात पडणार नाहीत हे त्यांना माहीत होते. तरी लिहीत राहिले. सुटकेनंतर १९४६ मध्ये ती पुस्तकरूपाने छापली गेली. म्हणजे उर्दू गद्यातला हा मोठा ग्रंथ दिल्ली-लखनौचा नाही, सोलापूरहून एस.टी.ने अर्ध्या दिवसात पोहोचता येईल अशा गावचा आहे. शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, किल्ला तिथेच आहे.

त्यातले चहाचे पत्र वाचले तेव्हा आमच्या घरात मोठी करमणूक झाली. मौलानांना चिनी चहा लागे, तोही दुधाशिवाय. दूध-साखर घालून उकळलेल्या चहाला ते चहा मानायलाच तयार नाहीत. अम्मी आयुष्यभर कडक, गोड, वेलची घातलेला चहा प्यायली. ती म्हणाली, "इत्ते बडे आदमी को किसीने अच्छी चाय नै पिलाई क्या?"

चिमण्यांचे पत्र मात्र कोणत्याही वयाच्या माणसाला वाचून दाखवावे. कोठडीच्या छतात चिमण्यांनी घरटी केली, खोलीभर काड्या. मौलाना आधी त्यांच्याविरुद्ध लढाई पुकारतात, हरतात, मग तह करतात. तांदळाचे दाणे टाकून त्यांना हळूहळू जवळ आणतात, त्यांचे स्वभाव ओळखून त्यांना नावे ठेवतात. शेवटी चिमणी हातावर येऊन बसते. देशभर आंदोलन पेटलेले, बाहेरचे जग बंद, आणि हा विद्वान माणूस एका चिमणीच्या मनधरणीला दिवसच्या दिवस देतो. थोरली भिंतीला टेकून मोबाइल बघत होती, तिने मोबाइल कधी पालथा ठेवला ते मला कळले नाही.

आणि एक पत्र असे आहे की ते वाचताना माझा आवाज थांबला. मौलाना कैदेत असताना एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यात त्यांच्या बेगम झुलेखा यांचा इंतकाल झाला. त्या आजारी असल्याच्या बातम्या येत होत्या. सरकारकडे काही मागायचे असेल तर कळवा, असे तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सुचवले होते. मौलानांनी काही मागितले नाही. ते पत्र ऐकून अम्मी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मांगना था." एवढेच. दुसऱ्या दिवशी थोरली मला म्हणाली की मौलानांचे बरोबर होते, मागितले असते तर इंग्रजांना हवेच होते. आजी आणि नात या प्रश्नावर आजही एकमेकींशी सहमत नाहीत. मी अजून कोणाच्याच बाजूला गेलेले नाही, पण अब्बांच्या आजारपणातल्या रात्री आठवल्या की मन अम्मीकडे झुकते.

त्या वादानंतर थोरलीने पुस्तक माझ्या हातातून घेतले आणि उलटेसुलटे पाहून परत दिले. "मला कुराण वाचता येते, मग हे का येत नाही?"

हा प्रश्न आपल्या शेकडो घरांतल्या मुलांचा आहे, म्हणून शिक्षिकेच्या नात्याने थोडे खोलात सांगते. आपल्या मुला-मुलींनी मदरशात किंवा घरी नाझरा कुराण पूर्ण केलेले असते. म्हणजे अलिफपासूनची बहुतेक अक्षरे त्यांना ओळखता येतात. अडते तीन ठिकाणी. एक, कुराणात झेर, झबर, पेश लावलेले असतात, त्यामुळे प्रत्येक अक्षराचा उच्चार डोळ्यांसमोर असतो. उर्दू पुस्तकात ते नसतात. शब्द आधी माहीत असावा लागतो. दोन, अरबीत नसलेली पे, टे, चे, डाल, ड़े, गाफ ही अक्षरे उर्दूत आहेत. तीन, कुराणाची अक्षरे ओळीवर सरळ बसलेली असतात, उर्दूच्या नस्तालीक वळणात शब्द उजवीकडून डावीकडे उतरत जातो, त्यामुळे ओळखीचे अक्षरही अनोळखी दिसते. बस, इतकेच. अर्धी वाट मुले आधीच चालून आलेली असतात. शब्द माहीत असण्याचा प्रश्न तर आपल्या मुलांना येतच नाही, कारण घरात दख्खनी बोलली जाते. दिल्लीवाल्यांना आपली दख्खनी ऐकून हसू येते, पण वाचायला शिकताना हीच कामाला येते.

थोरलीसाठी मी मौलवी इस्माईल मेरठी यांची जुनी उर्दू वाचनमाला काढली. शंभरहून जास्त वर्षांपूर्वीची आहे, तरी मुलांना कसे शिकवावे हे त्या माणसाला जितके कळत होते तितके आजच्या किती पाठ्यपुस्तकांना कळते याची मला शंका आहे. तिच्याबरोबर मुंबईचे 'गुल बूटे' आणि दिल्लीच्या राष्ट्रीय उर्दू परिषदेचे 'बच्चों की दुनिया' ही मासिके. अक्षर मोठे, चित्रे रंगीत, मजकूर छोटा. रोज वीस मिनिटे. तीन महिन्यांनी ती विजापूर वेशीतल्या दुकानांच्या पाट्या स्कूटरवर मागे बसून मोठ्याने वाचू लागली. 'गुबार-ए-खातिर' तिला अजून वाचता येत नाही, पुढच्या वर्षीही येणार नाही. पण एक गोष्ट तिने सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः वाचली, आणि बार्शीच्या भगिनीला मी दोन दिवसांनी जे नाव कळवले ते त्याच गोष्टीचे.

'अब्बू खाँ की बकरी'. लेखक डॉ. झाकिर हुसेन. पुढे ते भारताचे राष्ट्रपती झाले, पण त्याआधी वीस वर्षांहून जास्त काळ जामिया मिल्लियाचा कारभार त्यांनी सांभाळला, आणि मनाने ते अखेरपर्यंत शिक्षकच होते. अल्मोड्याच्या डोंगरात राहणारे अब्बू खाँ शेळ्या पाळतात, प्रेमाने खाऊपिऊ घालतात, पण शेळ्या दोर तोडून डोंगरात पळून जातात आणि लांडग्याच्या तोंडी पडतात. मग चांदनी नावाची देखणी शेळी येते. तीही जाते. रात्रभर लांडग्याशी शिंगांनी झुंजते आणि पहाटे पडते. गोष्ट दहा-बारा पानांची आहे, देवनागरीतही मिळते. सासूबाई उर्दूतून वाचतील, सून देवनागरीतून, आणि मुलांना दोघींपैकी कोणीही वाचून दाखवेल. एकाच पुस्तकाने तीन पिढ्या भागवायच्या तर माझ्याकडे याहून चांगले नाव नाही.

पण एक सावधगिरीची सूचना. ही गोष्ट वाचून झाल्यावर मुलांचे प्रश्न येतात, आणि ते सोपे नसतात. मी आठवीच्या वर्गात ती वाचली तेव्हा मुली दोन गटांत विभागल्या. एका गटाचे म्हणणे, चांदनी मूर्ख होती. घरात खायला होते, अब्बू खाँ जीव लावत होते. दुसऱ्या गटाचे म्हणणे, दोर गळ्यात असताना खाल्लेले अंगी लागत नाही. मागच्या बाकावरची, जिच्या मंगनीची बोलणी घरात चालू आहेत हे मला माहीत होते, ती मुलगी उठली आणि तिने विचारले, "आपा, ती लांडग्याला हरवून सकाळी घरी परत आली असती तर अब्बू खाँनी तिला आत घेतले असते का?" वर्ग शांत झाला. मी त्या मुलीला उत्तर दिले नाही. तिच्या अम्मीला मात्र शाळेत बोलावून घेतले. बोलणी थांबलेली नाहीत, पण दहावीपर्यंत तारीख काढणार नाही असे त्या म्हणाल्या आहेत. बघू या.

अम्मीच्या पेटीत सगळ्यात खाली जे पुस्तक निघाले ते डेप्युटी नझीर अहमद यांचे 'मिरात-उल-उरूस'. तिच्या आईने तिला निकाहात दिलेले. १८६९ चे हे पुस्तक, उर्दूतल्या पहिल्या कादंबऱ्यांपैकी एक. नझीर अहमद यांनी ते आपल्या मुलींना वाचायला म्हणून लिहिले आणि सरकारने त्याला हजार रुपयांचे बक्षीस दिले. दिल्लीच्या घरातल्या दोन बहिणी, अकबरी आणि असगरी, दोघी दोन सख्ख्या भावांना दिलेल्या. थोरली अकबरी लाडावलेली, आळशी, भांडखोर. धाकटी असगरी हुशार, हिशेबी, सासरची घडी बसवणारी. आमच्या आयांच्या पिढीत मुलगी जरा आवाज चढवून बोलली की तिला 'अकबरी' म्हणत.

मला असगरी फारशी आवडत नाही. ती कधी चुकत नाही, आणि कधीच न चुकणाऱ्या सुनेबरोबर कोण राहील? अकबरी जिवंत वाटते. तिचा तो प्रसंग तर आजचाच आहे: एक बाई हज्जन बनून घरी येते, स्वस्तात वस्तू देऊन विश्वास मिळवते आणि शेवटी दागिने घेऊन पसार होते. हे वाचून दाखवले तेव्हा थोरली म्हणाली, "म्हणजे ओटीपीच मागितला की!" मोबाइलवर लिंक पाठवून खाते रिकामे करणारे आणि ती हज्जन यांच्यात फरक काय? आधी थोडा फायदा दाखवायचा, मग सगळे न्यायचे. मात्र असगरीच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ती सासरच्या घरात मुलींची शाळा भरवते. ती पाने मी दोनदा वाचली. उपदेशाचा भाग लांबला तर पाने उलटा, पण हे पुस्तक सासू-सुनेने एकत्र वाचावे. कोण अकबरी आणि कोण असगरी यावर घरात चार दिवस बोलणे चालेल, हे मी अनुभवाने सांगते.

आता मराठीकडे वळते, कारण माझी रोजीरोटी तीच आहे. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. माझ्या मुलांच्या दृष्टीने मराठी ही तलाठ्याची, एस.टी. स्टँडची, दवाखान्याच्या खिडकीची भाषा. तिच्यात कोणी आपल्याशी प्रेमाने बोलते असे त्यांनी फारसे ऐकलेलेच नसते. व्याकरणाने ही भीती जात नाही. मी 'श्यामची आई'ने सुरुवात करते. साने गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात लिहिले, १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. (आणखी एक तुरुंगातले पुस्तक. चांगली पुस्तके लिहायला बहुधा मोबाइल नसलेली जागा लागते.) त्याची मांडणीच मोठ्याने वाचण्यासारखी आहे: श्याम रोज रात्री मित्रांना आईची एक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री. रोज एक रात्र. अंघोळ झाल्यावर पायाला माती लागू नये म्हणून छोटा श्याम आईला पदर पसरायला लावतो तो प्रसंग वाचला की वर्गात कोणी ना कोणी सांगतेच, "मेरी अम्मी भी ऐसा करती थी." सोवळे म्हणजे काय, तुळशीला पाणी का घालतात हे मी समजावते, त्यांच्या मनात वजूशी तुलना आपोआप होते. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. विठ्ठल मंदिर सर्वांसाठी खुले व्हावे म्हणून १९४७ मध्ये गुरुजींनी तिथे उपोषण केले होते, हेही मी सांगते. 'इस्लामी संस्कृती' नावाचे त्यांचे पुस्तक आहे, त्यात त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चरित्र आदराने सांगितले आहे. ते मोठ्या मुलांना देते.

घरी या पुस्तकाने माझी अडचण अर्धी सोडवली. अम्मीला मराठी वाचता कधीच येत नव्हते, पण चाळीस वर्षे बाजारात आणि कारखान्यात ऐकून सगळी समजते. थोरलीला मराठी वाचता येते. म्हणजे उर्दूच्या रात्री मी वाचते आणि मराठीच्या रात्री ती. आठवड्यातून तीन दिवस मला सुट्टी. थोरलीचे मराठी उच्चार इंग्रजी शाळेचे, 'ळ'चा नेहमी 'ल' होतो; न दिसणारी आजी तिला मधेच थांबवते, "फळ बोल गे, फल नै." ज्या बाईने मराठीचे एक अक्षर कधी वाचले नाही ती मराठी उच्चार शिकवते आहे!

मराठीत आपण आहोत कुठे, असे मुले कधीकधी विचारतात. तेव्हा मी रा. चिं. ढेरे यांचे 'मुसलमान मराठी संतकवी' टेबलावर ठेवते. श्रीगोंद्याचे शेख महंमद, ज्यांचा 'योगसंग्राम' मराठी ओवीत आहे, शहा मुंतोजी, गीतेवर मराठीत टीका लिहिणारे अंबर हुसेन. साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वीची ही माणसे. पुस्तक विद्वानाचे आहे, मुलांना सगळे पेलत नाही. मी त्यातली दोन-तीन चरित्रे गोष्टीसारखी सांगते. मग आपला जिल्हा. बार्शीत १९१६ मध्ये जन्मलेले शाहीर अमर शेख, ज्यांच्या आवाजाने संयुक्त महाराष्ट्राच्या सभा भारून जात. करमाळ्याचे डॉ. यू. म. पठाण, संत साहित्याचे मोठे अभ्यासक, १९९० मध्ये पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्याच वर्षी आपल्या सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते; पुढे कॉलेजात असताना त्याबद्दल ऐकले आणि प्रा. फकरुद्दीन बेन्नूर यांची पुस्तके शोधून वाचली. संगमेश्वर महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवणारे बेन्नूर सर २०१८ मध्ये गेले. 'भारतीय मुसलमानांची मानसिकता आणि समाजसंरचना' हे त्यांचे पुस्तक बी.एड. झालेल्या प्रत्येक मुस्लिम शिक्षकाने वाचावे असे माझे मत आहे. सोपे नाही. पेन्सिल घेऊन बसावे लागते.

पठाण सरांच्या अभ्यासाचा एक विषय मराठी बखरींतली फारसी हा होता. त्यावरून मी वर्गात एक खेळ बसवला आहे. शाळेत दिसणाऱ्या वस्तू आणि माणसे मराठीत लिहा: कागद, शाई, खुर्ची, दप्तर, हजेरी, शिपाई. आता त्याच उर्दूत लिहा. काग़ज़, सियाही, कुर्सी, दफ़्तर, हाज़िरी, सिपाही. मुले चकित होतात. अर्धी मराठी त्यांना आधीच येत होती. मात्र फसगतही होते. एका मुलाने निबंधात लिहिले, "माझे अब्बू रोज सकाळी दप्तरात जातात." मराठीत अब्बू शाळेच्या पिशवीत गेले!

आता शेवटी त्या घराविषयी, ज्याने मला पुस्तकांबद्दल सगळ्यात जास्त विचार करायला लावला. माझ्या सातवीतल्या एका विद्यार्थिनीची आई विड्या वळते. सोलापुरात हजारो बायका हे काम घरी करतात: पाने भिजवायची, मापाने कापायची, मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. मुलगी पाने कापते, म्हणून सोमवारी शाळेला येत नाही. मी विचारायला घरी गेले तर गल्लीतल्या पाच-सहा बायका एकाच ओट्यावर सुपे घेऊन बसलेल्या. हात चालू, कान रिकामे. मला क्युबाची आठवण झाली. तिथल्या सिगार कारखान्यांत १८६५ पासून प्रथा आहे: कामगार सिगार वळत असतात आणि एक माणूस उंच खुर्चीत बसून त्यांना वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या वाचून दाखवतो. 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' त्यांना इतकी आवडे की एका सिगारला तेच नाव पडले. केरळात कन्नूरकडच्या विडी कारखान्यांतही अशीच वाचनाची रीत होती. मग आपल्या ओट्यावर का नको?

मुलीच्या हातात मी प्रेमचंदांची 'ईदगाह' दिली. पाने कापण्याऐवजी अर्धा तास वाचायचे, तेवढी पाने बाकीच्या बायकांनी मिळून कापायची, असा सौदा ठरला. हामिदने जत्रेतल्या खेळण्यांऐवजी आजीसाठी चिमटा आणला तिथे एक बाई सूप बाजूला ठेवून आत निघून गेली म्हणे. मुलीची सोमवारची गैरहजेरी संपली असे मी म्हणणार नाही. महिन्यातून चारऐवजी दोनदा होते.

छत्रपती संभाजीनगरात एका पुस्तक विक्रेत्याच्या शाळकरी मुलीने २०२१ मध्ये मोहल्ल्यात मुलांसाठी वाचनालय काढले आणि रीड अँड लीड फाउंडेशनच्या मदतीने एकामागून एक वस्त्यांत अशी बाल वाचनालये उभी राहिली. आपल्याकडे निदान हिराचंद नेमचंद वाचनालयाचे सभासद तरी व्हा. मराठीसाठी दुसरीकडे जायची गरज नाही. उर्दूसाठी माझे साधन म्हणजे शाळेचे कपाट आणि अम्मीची पेटी. त्या पेटीतूनच ओट्याची पुढची सोय झाली.

झाले असे की मुलीच्या आईने निरोप पाठवला: "आपा, गोष्टी छान आहेत पण हजार विड्या व्हायच्या आत संपतात. काहीतरी लांब द्या." पेटीत अब्बांच्या इब्ने सफींच्या जासूसी कादंबऱ्या होत्या, 'जासूसी दुनिया'च्या, अलाहाबादहून १९५२ पासून निघत होत्या त्या मालिकेतल्या. पाने पिवळी पडली आहेत, एकाची शेवटची चार पाने गायब आहेत, ती बाजूला काढली. सध्या ओट्यावर कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद यांचा तपास अर्ध्यावर आहे. गुन्हेगार कोण यावर बायकांत दोन तट आहेत, आणि परवा मी तिकडून जात असताना त्यांनी मला बजावून सांगितले की शेवट माहीत असेल तर ओट्यासमोर थांबायचे नाही.